चार-तीन हवालदार

हवालदारांच्या हातात पाना असला आणि ड्यूटी संपली, तर ते तो पाना खाली ठेवत नसत. पुढचा माणूस येईपर्यंत तसाच धरून उभे राहत. त्याने हात पुढे केला की त्याच्या तळहातावर पाना टेकवत, "घेतला?" असं विचारत, आणि त्याने "घेतला" म्हटल्यावरच बोटं सोडत. घरी बाजेचा नट आवळायचा असला तरी हाच सोहळा. आम्ही हसायचो, पण पाना हातात घेऊन झाल्यावर, आणि जरा लांब जाऊन.

"पाना भुईवर ठेवला म्हंजे काम भुईवर ठेवलं," असं त्यांचं म्हणणं. "अन् भुईवरचं काम कुणाच्याच बापाचं नसतं."

मी त्यांच्या हाताखाली वेल्डर होतो, आधी फौजेत आणि पुढे साखर कारखान्यात. दोघेही अंबड तालुक्यातले. ते खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे, मी अंबड गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतला. परमुलुखात आपल्या तालुक्याचा माणूस भेटला की गळ्यात गळा घालावा अशी रीत आहे. हवालदारांनी मला पहिल्या दिवशी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अंबडचा हायेस? मंग तुला बिलकुल सवलत न्हाई. लोकं म्हणतील गाववाल्याला पोसून राह्यले." हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. कुणी रामराम केला, सलाम केला किंवा मी जयभीम केला, तरी सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर असे, "जयहिंद." त्यातही सवलत नव्हती.

आमची पलटण इंजिनिअरांची होती. बंदुका होत्या, पण दिवसाचा बहुतेक वेळ हातात पाना, पहार नाहीतर घमेलं. डोंगरात रस्ता करायचा. कॅम्प खाली आणि काम वर. चढायला-उतरायलाच दिवसाचा मोठा तुकडा जाई. इंजिनं गारठलेली असत, ती तापवून चालू होईपर्यंत जेवणाची वेळ व्हायची. मग एका मलयाळी मेजर साहेबांनी नवी पद्धत काढली. चार दिवस वरच मुक्काम करायचा, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम करायचं, सहा दिवसांचं काम चारात उरकायचं, आणि तीन दिवस खाली येऊन पाठ टेकायची. माणसांच्या दोन तुकड्या केल्या. एक उतरायची आणि दुसरी चढायची त्या दिवशी दोन्ही तुकड्या वर एकत्र असत. त्याला गाठीचा दिवस म्हणत. कुठलं मशीन कण्हतंय, कुठला दगड सुटू पाहतोय, हे जाणाऱ्याने येणाऱ्याला दाखवायचं आणि हत्यार त्याच्या हातात द्यायचं. हातात हत्यार द्यायचा नियम तिथला. मेजर साहेब बदलून गेले. पुढच्या साहेबांनी आणखी काही नवं काढलं असेल. हवालदार मात्र चार-तीनला चिकटले ते चिकटलेच.

या पद्धतीत एक सोय होती, ती हवालदारांची विशेष आवडती. कुणाला जास्त दिवस हवे असले तर दुसऱ्याने आपल्या तीनातले त्याला उसने द्यायचे. कागद नाही, सही नाही. "दिले." "घेतले." संपलं. मात्र फेडायचे ते कामानेच. विडी-चहावर भागवायचे नाहीत. पलटणीत डोंगराकडची पोरं बरीच होती. त्यांची घरं दिवसभराच्या वाटेवर असत. एका गढवाली पोराची बायको बाळंतपणात अडली तेव्हा हवालदारांनी त्याला आपले दिवस दिले. मग दुसऱ्याच्या आईचं आजारपण, तिसऱ्याचं लग्न. हवालदारांचे दिवस कायम वाटलेले. मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी घेता? तर म्हणाले, "तीन दिवसांत आपलं मनमाड बी येत न्हाई गड्या. घेऊन काय करू? ज्याचं घर जवळ त्यानं जावं."

वर्षाची मोठी सुट्टी त्यांना मिळे ती उन्हाळ्यात, तीही निम्मी रेल्वेत जायची.

एकदा मी हिवाळ्यात रजेवर आलो तेव्हा त्यांनी बायकोसाठी एक घोंगडी माझ्याबरोबर दिली. मी त्यांच्या गावी गेलो. गयावहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. ठेंगण्या, बोलायला सडेतोड, डोक्यावरचा पदर कामातही ढळू न देणाऱ्या. घोंगडी पाहून त्यांनी ती नाकाशी नेली, बाजूला ठेवली आणि चहा केला. मी आपला मोठ्या फुशारकीने चार-तीनची पद्धत सांगत बसलो, हवालदार कसे सगळ्यांना दिवस देतात तेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हंजे तिकडं समद्यांना सुट्ट्या वाटून राह्यले," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. मंग मला काहून न्हाई?"

मी बशीत चहा ओतत राहिलो.

"भाऊजी, त्यांना म्हणावं, एकदा हुरड्याच्या टायमाला या. लग्न झालं तवापासून शेतात दोघांनी मिळून हुरडा न्हाई खाल्ला. ते कवा बी आले तर रान कोरडंठाक. तीन दिवस द्या म्हणावं. गढवाल्याला देता तेवढेच. जास्त न्हाई मागत."

परत गेल्यावर मी निरोप जसाच्या तसा सांगितला. हवालदार कान खाजवत म्हणाले, "पेन्शन आली की हायेच ना रोजचं."

पेन्शन आली. गावी येऊन महिनाही झाला नसेल, आमच्याच तालुक्यातल्या साखर कारखान्यात मिलच्या दुरुस्तीवर ते मुकादम म्हणून लागले. फौजेतला माणूस म्हणून हातोहात घेतलं. दोन-तीन वर्षांनी मी फौजेतून सुटून आलो, तर मलाही त्यांनीच तिथे चिकटवलं आणि बजावलं, "वशिला लावला म्हणून सवलत न्हाई."

कारखान्याची गंमत अशी की गाळप बंद असतं तेव्हा आम्हा दुरुस्तीवाल्यांचा खरा हंगाम. उन्हाळ्यात मिल उघडायची, रोलर काढायचे, बेअरिंगं घासायची, आणि बॉयलर पेटायच्या आत सगळं पुन्हा जागेवर बसवायचं. पण कामगार सगळे शेतकऱ्यांची पोरं. आभाळ भरून आलं की त्यांचं चित्त वाफशाकडे. एखाद्याची आजी अचानक आजारी पडे, कुणाला कंबरदुखी होई, आणि पेरणी उरकली की आजी ठणठणीत. मिल उघडी पडलेली आणि माणसं रानात, असा दरसालचा तमाशा. पहिल्या वर्षी हवालदारांनी तो पाहिला. दुसऱ्या वर्षी ते चीफ इंजिनिअर साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि चार-तीन मांडलं.

साहेब म्हणाले, "हवालदार, ही काय फौज आहे का?"

"न्हाई साहेब. फौजेत आजी मरत न्हाई. तिकडं सुट्टीच भेटत न्हाई तर मारून काय फायदा?"

साहेब हसले, तिथे काम झालं. ठरलं असं की एक दुरुस्ती करून बघू. बॉयलर वेळेवर पेटला नाही तर चार-तीनही गेलं आणि मुकादमकीही. हवालदारांनी सगळ्यांना मिलपुढे उभं केलं आणि सांगितलं, "चार दिवस तुमी माझे. उजाडल्यापासून. आजी मेली तरी माझे. तीन दिवस तुमी रानाचे, मी शिटी बी मारणार न्हाई." दोन तुकड्या, मध्ये गाठीचा दिवस, पाना हातात. आरंभी लोकांना हातात पाना द्यायची लाज वाटे. सत्यनारायणाचा प्रसाद घेतल्यासारखं होतंय म्हणत. पण त्या साली पेरण्याही झाल्या आणि मिलही वेळेच्या आधी उभी राहिली. बॉयलरच्या पूजेला साहेबांनी नारळ हवालदारांच्या हातात दिला. हवालदारांनी सवयीने विचारलं, "दिला?" साहेबांनाही "दिला" म्हणावं लागलं.

त्या वर्षापासून त्यांना आसपासची गावं चार-तीन हवालदार म्हणू लागली. तक्रारीही आल्या. गेटसमोरचा चहावाला म्हणाला, अर्धं गिऱ्हाईक कायम रानात असतं. एका फिटरच्या बायकोने तर हवालदारांना रस्त्यात गाठलं. "तीन-तीन दिवस हा माणूस घरात बसून राह्यला, चुलीजवळून हलत न्हाई. पहिल्यावानी करा." हवालदारांनी तिला गंभीरपणे सांगितलं की पेरणीनंतर विचार करू.

सगळ्यांची सोय झाली. गयावहिनींची झाली नाही. दोन कारणं होती. एक म्हणजे आपले तीन दिवस वाटून टाकायची हवालदारांची खोड घरापासून हाकेच्या अंतरावर येऊनही गेली नव्हती. कुणाचं लग्न, कुणाची मोटर जळाली, कुणाचा बैल बसला. दुसरं असं, की हुरडा येतो तो ऐन गाळपात. तेव्हा चार-तीन नसतं. मिल अखंड चालते आणि दुरुस्तीवाला मिलला बांधलेला असतो. वहिनींचं रान रस्त्याला लागूनच होतं. शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, हिरवागार उभा असायचा, आणि त्यांचा नवरा उसाच्या चिपाडात माखून समोरच्या रस्त्याने सायकलवर यायचा-जायचा.

"ह्यांची सुट्टी गावाला, अन् मला नुसता डबा," त्या म्हणायच्या. हसून म्हणायच्या, म्हणून आम्हीही हसायचो.

एका हिवाळ्यात मात्र मी मनावर घेतलं. मी, दस्तगीर फिटर आणि आणखी काही जण, आम्ही आमच्या आठवडी सुट्ट्या मोडून हवालदारांना तीन दिवस उसने दिले. "दिले" म्हणून तोंडाने वदवलं. त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन "घेतले" म्हटलं. वहिनींनी रानात आगटी खणली. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. त्यात कणसं भाजायची आणि तिथल्या तिथे हातावर चोळून गरम खायची. लेक जालन्याला सासरी होती, तिलाही बोलावलं नाही. दोघांचाच बेत.

सकाळी हवालदारांकडून दस्तगीरने पाना घ्यायचा होता. दस्तगीर आला नाही. त्याच्या पोराला ताप चढला होता आणि तो त्याला घेऊन अंबडला दवाखान्यात पळाला होता. निरोप द्यायला घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "द्या इकडं. मी घेतो."

"तू वेल्डर. तुझ्या हातात कसा देऊ? बेअरिंग तापून राह्यलं."

"मग भुईवर ठेवा आणि जा!" मी ओरडलो. मला त्या माणसाचा तेव्हा खरोखर संताप आला. ते पाना धरून तसेच उभे राहिले. दस्तगीर तिसऱ्या प्रहरी धावत आला. तोवर बेअरिंग इतकं तापलं होतं की ते असं सोडून जाणं त्यांना जमेना. ते निस्तरण्यात तिन्ही दिवस गेले. वहिनींनी पहिल्या दिवशी फडक्यात बांधून हुरडा गेटवर पाठवला. आमच्या हातात येईस्तोवर तो गार होऊन गेला होता. हवालदारांनी उभ्या-उभ्या एक मूठ तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले.

वहिनी भांडल्या नाहीत. फक्त पुढे मी त्यांच्याकडे गेलो की मला एक गोष्ट दिसायची. आधी त्या चहाची कपबशी नवऱ्याच्या हातात देत. आता ओट्यावर ठेवत आणि आत जात. हवालदार त्या कपबशीकडे पाहत, मग उचलून घेत. एकदा मला हळूच म्हणाले, "वेल्डर, हिनं पाना भुईवर ठेवला बघ." मी माझा चहा संपवला. बोलण्यासारखं ठेवलं होतं काय त्यांनी?

मग ते कारखान्यातून निवृत्त झाले. निरोपसमारंभात फेटा बांधला, भाषणं झाली. हवालदार एवढंच बोलले, "आता ह्या हुरड्याला मला कुणी अडवणार न्हाई. बॉयलर फुटला तरी बोलवू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कळलं, त्या दिवशी घरी वहिनींनी त्यांना चहा हातात दिला.

शाळू पोटऱ्यात आला, कणसं बाहेर डोकावायच्या बेतात आली, आणि हवालदारांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. लेक जालन्याहून येऊन-जाऊन होती, पण रोजचं सगळं वहिनींवर. उठवायचं, पुसायचं, भरवायचं. तो उजवा हात बाजेवरून खाली लोंबला की त्यांचा जीव घाबराघुबरा व्हायचा, म्हणून कुणीतरी तो धरून बसावं लागे. मी समाचाराला गेलो तेव्हा वहिनी तसाच हात धरून बसल्या होत्या. चुलीवर आधण उकळत होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, धरता का जरा? भाकरी टाकून येते." मी हात पुढे केला. त्यांनी हवालदारांचा हात माझ्या तळहातावर टेकवला, पण सोडला नाही.

"घेतला?"

"घेतला," मी म्हणालो. मग त्यांनी सोडला. हवालदारांच्या तोंडाची एक बाजू हसली.

त्या आत गेल्या तशी हवालदारांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. मी विचारलं, पाणी? गोळ्या? तीन वाजले का म्हणून विचारताय? ते वैतागून मान हलवत होते. मग त्यांनी चुलीकडे बोट केलं, आणि पुन्हा तीन बोटं.

"वहिनींना? तीन दिवस?"

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. या माणसाने अख्ख्या पलटणीला आणि अख्ख्या कारखान्याला सुट्ट्या दिल्या होत्या. त्यांच्या घरात एक माणूस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आठवड्याचे सगळे दिवस, वर्षानुवर्षं ड्यूटीवर होतं, आणि त्याला बदली कुणी नव्हतं. हे त्यांना बाजेवर पडल्यावर कळलं. मलाही तिथेच कळलं.

आम्ही दुरुस्तीवाल्यांनी मिलच्या पाळ्या सांभाळून दोन तुकड्या केल्या. दस्तगीर सगळ्यांत आधी आला, कुणी बोलवायच्या आधी. एक तुकडी जाताना दुसरीला दाखवायची, कुठल्या कुशीवर वळवलंय, किती प्यालेत, आणि मग हात हातात द्यायचा. वहिनींना सांगितलं, तीन दिवस तुमचे. रानात जा, नाहीतर झोपा, नाहीतर लेकीकडे जालन्याला जा. त्या आधी चिडल्या. मग थोडा वेळ उंबऱ्यात बसल्या, पायात चपला घातल्या आणि रानाकडे निघाल्या. जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे मला आवडलं.

उन्हं कलायच्या आत त्या परत आल्या. डोक्यावर हिरव्या कणसांचा भारा. अंगणातच त्यांनी आगटी खणली, गोवऱ्या रचल्या आणि आम्हाला बाज बाहेर काढायला लावली. कणसं भाजली, हातावर चोळली, फुंकर मारली. हवालदारांना चावता येत नव्हतं, म्हणून दाणे पाट्यावर ठेचून दुधात कालवून बोटाने भरवले. थोडे त्यांच्या हनुवटीवर सांडले. धूर आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते कळत नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, तीन दिवस ठरले होते. पहिलाच तर संपतोय."

"एक घेतला ना मी. दोन ह्यांना उसने दिले." त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं का? दोन दिवस उसने हेत. फेडायचे. तुमच्याच कायद्यानं." आणि त्यांनी हवालदारांचा चांगला हात उघडून त्यावर आपला हात टेकवला. "घेतले?"

हवालदारांची जीभ बराच वेळ शब्दाशी झटत राहिली. "घे... तले," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो शेवटचा शब्द.

पुढे फार दिवस काढले नाहीत त्यांनी. दुरुस्तीवाल्यांची बाजेजवळची ड्यूटी चालूच होती, पण पहाटेची ड्यूटी वहिनींनी कुणाला दिली नाही. त्या ड्यूटीतच ते गेले. मी नेहमीसारखा उजाडता-उजाडता बदलीला पोचलो. वहिनी तो हात धरून बसल्या होत्या, बाज शांत होती. मला समजलं, आणि तरी सवयीने मी हात पुढे केला.

वहिनींनी तो दिला नाही.

"माझे दोन दिवस हेत अजून ह्यांच्याकडं," त्या म्हणाल्या. "बसू द्या मला."

लेक जालन्याहून येईपर्यंत त्या बसून होत्या. मी आणि दस्तगीर अंगणात उभे राहिलो. विझलेल्या आगटीजवळ, मोकळ्या हातांनी.